समुद्राकडचं आणि टेकडीवरचं

बाबांना छापखान्यात सगळे 'अंदाजे' म्हणत. आडनाव वेगळंच होतं, पण तीस वर्षं एकच काम करणाऱ्याचं आडनाव विचारतो कोण? कुणी पाच हजार पुस्तकं छापायची म्हणून आला, की कागद किती, शाई किती, बांधणीला किती, याचा अंदाज बाबा काढत. बेरीज झाली की खाली रेघ मारून दहा टक्के वाढवत. यंत्र सुरू होताना पहिले शे-दोनशे कागद वाकडेतिकडे निघतात आणि रद्दीत जातात, त्याची ती तरतूद. "वाया जाणारं धरलं नाही, तर तो अंदाज नव्हे, ती आशा," असं ते म्हणत. यंत्रावरचे लोक त्यांच्या पाठीमागे हे वाक्य त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवत, आणि बाबांना ते ठाऊक होतं.

घरातही तोच खाक्या. चार पाहुणे येणार असले की पाच खुर्च्या मांडायच्या. गाडी दहाची असली की साडेआठला घर सोडायचं, आणि मग दीड तास फलाटावर बसून एकमेकांची तोंडं बघायची. ठकी लहानपणापासून या दीड तासांना सरावलेली होती.

ठकी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. वय वर्षं चोवीस. दाखल्यावर तिचं चांगलं चार अक्षरी नाव होतं, पण घरात आणि घराबाहेरही ती ठकीच राहिली. ती कानाच्या दवाखान्यात काम करायची. काचेच्या बंद खोलीत माणूस बसवायचा, कानांवर हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, "आवाज आला की दाबा." चाचणी इतकी साधी, तरी लोक घाबरत. आवाज नसतानाही बटण दाबत, नापास होऊ नये म्हणून. ठकीला अशांचा राग येत नसे. ती चाचणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

पण तान्ह्या बाळांना बटण दाबता येत नाही. चार दिवसांच्या पोराला ऐकू येतं की नाही हे कसं ओळखायचं, यावर दूरदेशी एक प्राध्यापक बाई वीस वर्षं खपत होत्या. त्यांचं काम ठकीनं कॉलेजात असताना वाचलं आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही शिरलंच नाही. तिनं तिथल्या विद्यापीठात अर्ज केला. आपलं असावं एक हाताशी म्हणून आणखी एका विद्यापीठातही केला. दोन्हीकडून एकाच आठवड्यात होकार आला.

घरात त्यांची नावं पडली समुद्राकडचं आणि टेकडीवरचं, कारण खरी नावं आईच्या जिभेवर बसेनात. समुद्राकडचं म्हणजे त्या बाईंचं. त्यांनी फी पूर्ण माफ केली होती, पण शहर महाग. राहणं, खाणं, बस, विमा, सगळं आपल्या खिशातून. टेकडीवरच्यांनी फी निम्मीच माफ केली होती, पण गाव लहान, वसतिगृह स्वस्त. शिकवणार तेही कानांचंच, पण सरसकट. बाळांचं तिथं काही नव्हतं.

समुद्राकडच्या पत्रासोबत बाईंच्या स्वतःच्या चार ओळी होत्या. "तुझी टिपणं वाचली. ये. ही माझी शेवटची तुकडी, दोन वर्षं हिला शिकवून मी निवृत्त होणार. प्रयोगशाळेची फरशी फार गार असते, जाड मोजे आण."

ठकीनं त्या ओळी अकरा वेळा वाचल्या आणि पत्र कपाटातल्या स्वेटरांखाली ठेवून दिलं. मंजुरीचं पत्र तिनं घरात दाखवलं. हे नाही दाखवलं.

त्याला कारण होतं. बाबा एकदा थोरल्या काकांना जामीन राहिले होते. काकांचा धंदा बुडाला, काकांनी हात वर केले आणि बाबांनी अकरा वर्षं दुसऱ्याचं कर्ज फेडलं. शेवटचा हप्ता गेला त्या दिवशी त्यांनी घरात एवढंच सांगितलं, की या उंबऱ्यात पुन्हा कर्ज येणार नाही. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, बाबांनी ताकच सोडलं. आता बाबांची पुंजी, आईची पुंजी आणि ठकीचा पगार साठवून सव्वीस लाख होत होते. त्याच्या आत बसेल ते विद्यापीठ. ही हद्द पहिल्याच दिवशी ठरली आणि तिघांनाही ती पटली. पण पत्रातली 'शेवटची तुकडी' बाबांच्या नजरेला पडली असती, तर ते हद्दीबाहेर गेले असते. ठकीला ते नको होतं. बाबांच्या डोक्यावरचे उरलेसुरले केस पुन्हा हप्त्यांत जाताना तिला बघायचे नव्हते.

खर्चाची यादी तिनंच केली. विद्यापीठांनी दिलेले आकडे एकेक करून कागदावर उतरवले. खोलीभाडं, जेवण, बस, पुस्तकं, विमा, गरम कपडे, जाण्यायेण्याचं भाडं. दोन विद्यापीठं, दोन रकाने, अठरा ओळी. उतरवताना तिच्या मनात आलं, हे दर गेल्या वर्षीचे. उद्या तिकडे पैसे कमी पडले तर आपण बाबांना कोणत्या तोंडानं फोन करणार? म्हणून तिनं प्रत्येक आकडा दहा टक्क्यांनी वाढवला. फीच्या आकड्याला हात लावला नाही, तो पत्रात छापलेला होता. बेरीजही केली नाही. बेरीज बाबांचं काम, असं ती मनाशी म्हणाली. खरं म्हणजे तिला ती बघवली नसती.

आईनं तो कागद बघून नाक मुरडलं. "हे काय अक्षर? कोंबडीचे पाय. आण इकडे, मी नीट उतरवून देते." आई एका मोठ्या हॉस्पिटलच्या कोठारात होती. चादरी, साबण, कापूस, तिच्या सहीशिवाय तिथून काही हलत नसे, आणि मागणीचे कागद लिहून लिहून तिचं अक्षर छापल्यासारखं झालं होतं. कागद तिनं कामावर नेला आणि दुसऱ्या दिवशी सुबक नक्कल बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती छापखान्यात नेली.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर बाबांनी चष्मा चढवला आणि दोन आकडे वाचले.

"समुद्राकडचं, एकोणतीस लाख अठ्ठावीस हजार. टेकडीवरचं, पंचवीस लाख त्रेसष्ट हजार."

आईनं कप गोळा केले.

"सव्वातीन लाख जास्त होतात," बाबा म्हणाले. "थोडंथोडकं असतं तर ओढूनताणून बसवलं असतं. सव्वातीन म्हणजे..." त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. "अंथरूण पाहून पाय पसरावेत, दुसरं काय."

"तुझं काय म्हणणं आहे, ठके?" आईनं विचारलं. "जायचंय तुला. तू बोल."

"मला काय," ठकी म्हणाली. "दोन्ही सारखीच आहेत."

"मनापासून?"

"हो गं. पदवी ती पदवी. पळसाला पानं तीनच."

बाबांचा चेहरा सैल झाला. ठकीला तो सैल झालेला दिसला आणि तिला बरं वाटलं. बरं म्हणजे तरी किती, फोड फुटून गेल्यावर वाटतं तितपत. मग ती उठून आत गेली आणि समुद्राकडच्यांना नकाराचं ईमेल लिहिलं. चार ओळी लिहायला चार मिनिटं लागली. पाठवून झाल्यावर आपल्याला काहीतरी होईल, म्हणून ती खुर्चीवर बसून राहिली. काहीच झालं नाही. बाहेर शेजारचा माणूस सायकलचं चाक फिरवून बघत होता, ते तिनं बराच वेळ पाहिलं. मग आंघोळीला गेली.

पुढचे दिवस तसेच गेले. दवाखान्यात सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं, मोठ्या डॉक्टरीणबाईंनी फुलं आणली. "नाव काढशील हो," असं म्हणून त्यांनी तिला जवळ घेतलं, तर ठकी त्यांच्या खांद्यावरून भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघत राहिली. टेकडीवरच्यांनी वसतिगृहाचे फोटो पाठवले. खोली चांगली होती, पलंग चांगला होता, खिडकीतून झाडं दिसत होती. ठकीनं ते फोटो आईला दाखवले, बाबांना दाखवले, मावशीला पाठवले. सगळ्यांना ते तिच्यापेक्षा जास्त आवडले. भूक लागत होती, झोप येत होती, कामात चूक होत नव्हती. एखाद्या नळाचं पाणी बंद व्हावं आणि नळ मात्र जागच्या जागी चकचकीत असावा, तसं तिचं चाललं होतं.

तीन आठवड्यांनी ती व्हिसाच्या कचेरीत गेली. खिडकीतल्या कारकुनानं तिचा अर्ज चाळला आणि खर्चाच्या पानावर बोट ठेवलं.

"हे आकडे कुठून आणले?"

"घरी काढलेत. वडिलांनी."

"वडिलांनी काढून चालत नाही, ताई. विद्यापीठ जो खर्च सांगतं तोच लिहायचा. तुमचा फारच जास्त आहे."

"जास्त असला तर काय बिघडलं?"

"बिघडत काही नाही. जुळत नाही." त्यानं अर्ज परत सरकवला. "बसा तिकडे, नीट लिहून आणा. दुपारी एकच्या आत."

ठकी बाकावर बसली. पिशवीत विद्यापीठांच्या याद्या होत्या आणि तिन्ही कागदही: तिचा, आईच्या अक्षरातला आणि बाबांचा. तिनं मांडीवर ते शेजारी शेजारी ठेवले. विद्यापीठाच्या यादीत टेकडीवरचं खोलीभाडं दोन वर्षांचं चार लाख. तिच्या कागदावर चार लाख चाळीस हजार. ते ठीक, ते तिचंच पाप. पण आईच्या सुबक अक्षरात चार लाख चौऱ्याऐंशी हजार होते. तिनं दुसरी ओळ पाहिली, तिसरी पाहिली. आईनंही प्रत्येक ओळीत दहा टक्के चढवले होते. आणि बाबांनी, शिरस्त्याप्रमाणे, त्यावर आणखी दहा.

तिनं मोबाईल काढला आणि पहिल्यांदाच, विद्यापीठांच्या मूळ आकड्यांची बेरीज केली. टेकडीवरचं, फीचे सात लाख धरून, एकवीस लाख. समुद्राकडचं, बावीस.

बावीस. हद्दीच्या चार लाख आत. ती बेरीज तिनं तीनदा केली.

वाढवलं होतं ते राहण्याखाण्याला. फीला कुणीच हात लावला नव्हता. समुद्राकडचा खर्च सगळाच राहण्याखाण्याचा, म्हणून तो फुगून फुगून सव्वासात लाखांनी वर गेला. तिघांनी आपापल्या परीनं काळजी घेतली होती आणि तिघांची काळजी एकावर एक बसली होती. एका लाखाचा फरक होता, फक्त एका लाखाचा.

ठकीनं कारकुनाला हवे तसे आकडे लिहिले, एकच्या आत दिले. "खर्च करणाऱ्याची सही राहिली," तो म्हणाला. "वडिलांची ना? पुढच्या सोमवारी आणा." तिनं मान डोलावली. रस्त्यावर येऊन तिथंच फुटपाथवर उभ्या उभ्या तिनं समुद्राकडच्यांना ईमेल लिहिलं: हिशेबात चूक झाली, जागा अजून असेल तर मी येते. दोन दिवसांनी बुधवारी उत्तर आलं. जागा आणि शिष्यवृत्ती यादीतल्या पुढच्या उमेदवाराला दिली आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा. तिनं ते वाचलं आणि काचेच्या खोलीत बसलेल्या आजोबांना खुणेनं सांगितलं, आवाज आला की दाबा.

रविवारी तिनं सहीसाठी अर्ज बाबांपुढे ठेवला. न बोलता सही झाली असती तर तिला ते चाललं असतं. पण 'अंदाजे' नावाचा माणूस आकडा न वाचता सही करील, हे कसं व्हावं?

"एकवीस?" बाबा म्हणाले. "मी तर पंचवीस त्रेसष्ट काढले होते."

"विद्यापीठाचे आकडे आहेत. तसेच लिहायला लागतात."

"पण मी दहाच टक्के वाढवलेत. दहा टक्क्यांत एवढा फरक पडत नाही." पेन्सिल त्यांच्या हातात आलीही होती. "तुझा मूळ कागद आण बघू."

ठकीनं तिन्ही कागद आणले. बाबांची पेन्सिल एका कागदावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेली आणि तिथंच थांबली.

"तू वाढवले होतेस?"

"हो. दहा."

"आणि हे?" त्यांनी आईचा कागद उचलला. "अगं, बाहेर ये जरा. तू यात काय केलंस?"

आई हात पुसत आली. "काय म्हणजे? थोडं चढवून लिहिलं. कोठारात मी शंभर चादरी मागते तेव्हा वरून नव्वद मंजूर होतात. मला वाटलं, तुम्ही कापाल."

"मी कापीन? मी आजवर कधी काही कापलंय?"

"मग सांगायचं होतं तसं! मला काय स्वप्न पडतं, तुम्ही कापता की वाढवता?"

"सत्तावीस वर्षं संसार झाला आपला."

"तेच म्हणते मी. सत्तावीस वर्षांत एकदा तरी सांगायचं."

एरवी या बोलण्यावर तिघंही हसली असती. बाबांनी समुद्राकडच्या रकान्याची बेरीज केली. पेन्सिल सावकाश चालत होती. बेरजेखाली त्यांनी रेघ मारली, पण रेघेखाली काही लिहिलं नाही.

"बसत होतं," ते म्हणाले.

"हो."

"बांधणीवाल्याला मी दर वेळी विचारतो, बाबा रे, यात वाया जाणारं धरलंस का? त्यानं धरलं असेल तर मी धरत नाही. नाहीतर गिऱ्हाईक उठून शेजारच्या छापखान्यात जातं. शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी हेच सांगतो मी." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुला नाही विचारलं. घरातलं माणूस, तुला काय विचारायचं."

"त्यांना लिहून बघ ना," आई म्हणाली. "चूक झाली म्हणावं. माणसंच आहेत तीही."

"लिहिलं. जागा गेली."

"कधी लिहिलंस?"

"सोमवारी. बुधवारी उत्तर आलं."

"आणि आज सांगतेस?"

ठकीनं पसरलेले कागद एकावर एक ठेवले. सांगून काय होणार होतं?

बाबा एकदम सावरून बसले. काम बिघडलं की यंत्रावर दुसरा कागद चढवायचा, ही त्यांची जन्माची सवय. "ठीक आहे. मग टेकडीवरचं रद्द कर. एक वर्ष थांब. नोकरी आहेच. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज टाक समुद्राकडे. एकदा घेतलं त्यांनी, पुन्हा घेतील. पैसे कुठं पळून जात नाहीत."

"पुढच्या वर्षी त्या बाई नवी मुलं घेणार नाहीत," ठकी म्हणाली. "ही त्यांची शेवटची तुकडी होती."

"कोण म्हणालं?"

"त्यांनीच लिहिलं होतं. मला, वेगळं."

आई खुर्ची ओढून बसली.

"म्हणजे तुला तेच हवं होतं," आई म्हणाली. "मी तुला विचारलं, ठके. याच टेबलापाशी. मनापासून का, म्हणून विचारलं."

"हो. विचारलं होतंस."

"मग का नाही सांगितलंस?"

ठकी अर्जाच्या कडेवरून अंगठा फिरवत होती. आवाज तिचा नेहमीचाच होता, दवाखान्यातल्यासारखा, सावकाश आणि स्पष्ट. "सांगितलं असतं तर बाबांनी कर्ज काढलं असतं."

बाबांनी नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. रागावले असते तरी चाललं असतं.

"काढलं असतं," ते म्हणाले. "सोमवारीच गेलो असतो बँकेत." मग त्यांचा हात कागदांवरून फिरता फिरता थांबला. पुढचं वाक्य त्यांना आत कुठंतरी दिसलं आणि ते तोंडातून निघण्याआधी त्यांना थोपवता आलं नाही. "आणि बँकेतल्या माणसानं म्हटलं असतं, हे घरचे आकडे चालत नाहीत, विद्यापीठाचे आणा. तिथंच खिडकीपाशी कळलं असतं. कर्ज लागलंच नसतं, ठके."

ठकीनं मान वर केली. आठवडाभर तिनं हे सगळं उलटंपालटं करून पाहिलं होतं, हे मात्र तिला सुचलं नव्हतं. एक वाक्य, मला तिकडं जायचंय एवढंच, बोलायचं होतं. तेवढ्यानं सगळं जुळलं असतं.

आणि मग तिला रडू आलं. आधी नुसते खांदे हलले, मग ती मोठ्यानं रडायला लागली, लहान मुलं रडतात तशी, तोंड उघडं टाकून. आई उठून तिच्यापाशी गेली. बाबा समोर बसून होते. त्यांनी अर्ज ओढून घेतला आणि हातातल्या पेन्सिलीनंच सही केली, सही पेन्सिलीनं करायची नसते हेही त्यांच्या लक्षात आलं नाही.